लडाखला नक्की जा; कर्ज काढून नको, ऑगस्टात नको

ताई, तुमचं पत्र वाचलं. तुम्ही परभणीत शिक्षिका, हातात पडणारा पगार 62 हजार, त्यातून घराचा हप्ता 14 हजार आणि पोस्टाची आरडी 5 हजार. दाजींची पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मुलगी बारावीला, पुढं पुण्यात इंजिनिअरिंगचा विचार. वडिलांचं बोट धरून अजिंठा पाहिलात तेव्हापासून लडाखचे गोंपे, म्हणजे तिथले बौद्ध मठ, पायी फिरून पाहायची इच्छा आहे. आता एका ट्रेक कंपनीनं ऑगस्टातली मार्खा खोऱ्याची अकरा दिवसांची सहल माणशी 68 हजारांत सांगितली आहे. दीड लाखाचं कर्ज काढावं, आरडी मोडावी, मुलीच्या नावची साडेतीन लाखांची एफडी मोडावी, की हा विचारच सोडून द्यावा, असं तुम्ही विचारलंत.

विचार सोडू नका. पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्यानं डोंगरवाटेनं चालत जायचं ठरवलं तर ते पुढच्या पाच-सात वर्षांतच व्हायला हवं. निवृत्तीनंतर पैसा असेल, गुडघे असतीलच असं नाही. पण ही सहल आणि हे कर्ज, दोन्हीला माझा विरोध आहे.

आधी खरा खर्च पाहू. दोघांचे 1 लाख 36 हजार, त्यावर 5 टक्के जीएसटी धरला तर 1 लाख 42 हजार 800. त्यात परभणी ते लेह येण्याजाण्याचा खर्च नाही. बूट, जर्किन, गरम कपडे नाहीत. विमा, जादा खेचर, लेहमधले दोन दिवस, वाटाड्यांना खुशीनं द्यायचे पैसे, यातलं काहीच नाही. माझ्या हिशेबानं आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास जातो. त्यात ऑगस्टात शाळा चालू. प्रवास धरून पंधरा दिवसांची रजा बिनपगारी झाली, तर आणखी तीसेक हजार गेले. कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा कधीच दिसणार नाही.

कर्जाचं सांगतो. दीड लाख, 14 टक्के दर, तीन वर्षं: हप्ता सुमारे 5,127 रुपये आणि एकूण व्याज साडेचौतीस हजार. पुढच्या पावसाळ्यात मुलीची फी, हॉस्टेल, मेस सुरू होईल, तेव्हाही हा हप्ता चालूच असेल. तुम्ही लिहिलंय, ‘सोयाबीनची रास झाली की एकरकमी फेडून टाकू.’ ताई, हे वाक्य मी मराठवाड्यातल्या फार घरांत ऐकलंय आणि दर वेळी मला काळजी वाटते. सप्टेंबर 2025 ची अतिवृष्टी तुम्ही पाहिलीत. काढणीला आलेलं पीक पाण्यात उभं होतं. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, पण आडतीवर त्याहून कमी भावानं माल घालावा लागणं हे नवीन नाही. कोरडवाहू पिकाच्या भरवशावर पेरणीचं कर्ज काढणं एक वेळ समजू शकतो, कारण तिथं इलाज नसतो. सहलीचं कर्ज त्याच पिकावर टाकू नका.

एफडीला हातच लावायचा नाही. ती मुलीच्या पहिल्या वर्षाची आहे.

राहिली आरडी. ती तुम्ही एप्रिल 2022 मध्ये 5.8 टक्क्यांनी उघडली. आज मोडली तर पोस्ट त्यावर फक्त बचत खात्याचा 4 टक्के दर देईल, म्हणजे दहा हजारांवर नुकसान. थांबलात तर एप्रिल 2027 मध्ये साधारण 3 लाख 48 हजार हातात येतील. मला हा मार्ग पटतो, कारण तो पैसा येतो तेव्हाच तुमच्या शाळेला उन्हाळी सुट्टी असते आणि दाजींचं शिवारही रिकामं असतं.

अडचण एवढीच की मेच्या शेवटी मार्खाच्या वरच्या खिंडींत बर्फ असू शकतो. त्या वाटेवरची ‘कोंगमारू ला’ ही खिंड 5,200 मीटरच्या आसपास आहे. आपण राहतो चार-पाचशे मीटरवर, आणि दाजींना बीपीची गोळी चालू आहे असं तुम्हीच लिहिलंय. पहिल्याच ट्रेकला एवढी उंची कशाला? तिसऱ्या दिवशी दम लागून परतावं लागलं तर कंपनी पैसे परत देत नाही.

त्यापेक्षा शाम खोरं बघा. लिकीर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम अशी तीन-चार दिवसांची वाट. खिंडी तुलनेनं कमी उंचीच्या, मुक्काम गावातल्या घरांत, जेवण घरचं. स्थानिक वाटाड्या लेहमध्ये ठरवता येतो. तुमच्या इच्छेच्या दृष्टीनंही मला हीच वाट जास्त जवळची वाटते. लिकीर गोंपाचे भिक्खू ज्या अल्चीच्या मठाची व्यवस्था पाहतात, ते अल्ची याच भागात सिंधूच्या काठावर आहे. तिथल्या तीन मजली सुमत्सेक मंदिरातली जवळजवळ आठशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं काश्मिरी शैलीतली आहेत. अजिंठ्यावर जीव असलेल्या माणसानं ती पाहायलाच हवीत. उरलेल्या दिवसांत लेहहून गाडी करून थिकसे आणि हेमिस हे गोंपे पाहून होतात. खर्चात कुठंही काटछाट करा, अल्ची मात्र वगळू नका.

नांदेडहून येणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीहून दिल्लीला नेते. पुढं लेहचं विमान. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणून उतरल्यावर दोन दिवस नुसता आराम. ते दिवस वाया गेले असं समजून कमी करू नका. हे सगळं दोघांचं मिळून 1 लाख 40 हजारांत बसावं. 5 जूनपर्यंत घरी परतलात तर मृगाच्या पेरणीला दाजी बांधावर असतील.

आरडीतले उरलेले दोन लाख मात्र घरातल्या अडीअडचणीसाठी वेगळे ठेवा. आज तुमच्या बचत खात्यात फक्त चाळीस हजार आहेत, आणि मला तुमच्या घराची खरी काळजी तिथंच वाटते. दाजींचा मेडिक्लेमही नाही. तो सहलीच्या कितीतरी आधी हवा, याच महिन्यात. बीपी लपवू नका. आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, म्हणून जितक्या लवकर घ्याल तितकं बरं. प्रवास विमा वेगळा, आणि तो घेताना किती मीटर उंचीपर्यंतचा ट्रेक त्यात धरलाय हे लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींत उंचीची मर्यादा असते.

कंपनीनं 30 तारखेपर्यंत वीस हजार ॲडव्हान्स मागितलाय आणि तो परत मिळणार नाही असंही सांगितलंय. तो भरू नका. आधी दाजींना डॉक्टरांकडं नेऊन उंचीवर जाण्याबद्दल स्पष्ट विचारा, आणि या आठवड्यापासून दोघांनी रोज सकाळी चालायला सुरुवात करा.