डाव शंभराचा, हप्ता साठ हजारांचा

वाचकाचं पत्र: सर, नमस्कार. मी औसा तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. वय ३९, बायको, दोन मुलं, घरखर्च महिना ३५ हजार. येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात भज्जी-आंबील झाल्यावर पुण्याच्या भाच्याने आम्हा सहा मित्रांना पोकर शिकवला. आता दर शनिवारी बसायचं ठरतंय. मी आणि एक जण सोडला तर सगळे नवखे. डाव कितीचा ठेवावा? तो एक जण विम्याचं काम करतो, तो म्हणतो हजाराच्या खाली मजा नाही. मला पाचशे बरे वाटतात. भाचा म्हणतो, नवख्यांसोबत डोकं लावून खेळलं तर महिन्याला दोन-तीन हजार सुटतील. त्यात गंठणाचं व्याजही निघेल. (त्याच मित्राकडून पॉलिसी घेतली आहे. वर्षाला ६० हजार, १० वर्षं भरायचे, २० वर्षांनी हमखास १२ लाख, विमा ६ लाखांचा. गेल्या जानेवारीत दुसऱ्या हप्त्यासाठी गंठण १२ टक्क्यांनी ठेवलं. तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, पण सोन्याचा भाव वाढल्याने त्याच गंठणावर सगळं भागेल असं तो म्हणाला.)

उत्तर: प्रश्न तुम्ही कंसाबाहेर विचारलात आणि घोळ कंसात घातलात. आधी विचारलेलं उरकतो.

डाव शंभराचा ठेवा. सहा जणांचे ६०० रुपये, पहिल्याला ४००, दुसऱ्याला २००. प्रत्येकाला १,५०० च्या चिप्स द्या, ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम) १० आणि २० पासून सुरू करून दर वीस मिनिटांनी वाढवा. ज्याच्या चिप्स संपल्या त्याने चहा ठेवायचा, पुन्हा पैसे टाकून बसायचं नाही. खरा मुद्दा तोच आहे. पुन्हा भरायची मुभा असली की हजाराचा डाव एका रात्रीत दोन हजारांचा होतो आणि चार शनिवारांचे आठ हजार होतात. फुकट खेळलात तर कोणी पानं टाकणारच नाही, सगळे शेवटपर्यंत चिकटून बसतील, म्हणून शंभर तरी हवेतच. घरमालकाने डावातून नाल (जागेचा वाटा) काढायची नाही. ती काढली की १८८७ च्या जुगारबंदी कायद्याच्या नजरेत तुमची ओसरी आणि अड्डा यांत फारसा फरक राहत नाही.

आणि भिंतीवर एक कागद चिकटवा. तुम्ही सगळे तीन पत्तीवाले. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीची पानं) कलरच्या (एकाच चिन्हाची पानं) वर असतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. तीन पत्तीची ट्रेल (तीन सारखी पानं) सगळ्यांना मारते, पोकरमध्ये तीच ट्रेल सिक्वेन्सपुढेही हरते. पहिलं भांडण इथेच होणार आहे.

आता ते दोन-तीन हजार. शंभराच्या डावात चारही शनिवार तुम्हीच जिंकलात तरी स्वतःचे शंभर वजा जाता ३०० च्या हिशेबाने १,२०० सुटतील. दोन-तीन हजार हवे असतील तर डाव वाढवावा लागेल, आणि ते पैसे शेवटी तुम्हीच बसवलेल्या मित्रांच्या खिशातून येतील. ते महिनाभर हरतील, दुसऱ्या महिन्यात येणार नाहीत. भाच्याला हे पुण्यात कोणी सांगितलेलं दिसत नाही. कर्जाचं व्याज पत्त्यांतून फेडायचा बेत कोणी मांडला की मी डावाचं बोलणं थांबवतो आणि कर्जाकडे बघतो.

६० हजारांवर १२ टक्के म्हणजे वर्षाला ७,२००. हे व्याज तुम्ही ज्या पॉलिसीसाठी भरताय ती देते काय? १० हप्त्यांचे ६ लाख, मिळणार १२ लाख. मित्राने ‘दुप्पट’ सांगितलं, किती वर्षांत ते गिळलं. पहिला हप्ता तिथे वीस वर्षं राहतो, दहावा अकरा, म्हणजे तुमचा पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की व्याजाचा अंदाजे दर मिळतो. ७२ ला १५.५ ने भागा, साडेचारच्या आसपास टक्के येतात. म्हणजे १२ टक्क्यांनी उचलून साडेचार टक्क्यांवर लावलेत, आणि यंदा तेच दुपटीने करायला निघालात. सोन्याचा भाव वाढला म्हणून कर्ज वाढवायचं, हा सल्ला देणाऱ्याचं कमिशन तुमच्या हप्त्यावर चालतं, एवढं लक्षात ठेवा. माणूस वाईट असेलच असं नाही.

“पण आधीचे १ लाख २० हजार?” ही ओळ पत्रात नाही, पण मनात असणार. दोन हप्त्यांनंतर मोडली तर अशा पारंपरिक पॉलिसीत नियमाने किमान ३० टक्के हातात येतात, म्हणजे ३६ हजार. ८४ हजार गेले, वाईट वाटेलच. आता ते ३६ हजारसुद्धा धरू नका. उरलेले आठ हप्ते, वर्षाला ६० हजार, पीपीएफमध्ये (पोस्टात किंवा बँकेत उघडायचं सरकारी बचत खातं) टाकले आणि अठरा वर्षं ठेवले तर आजच्या ७.१ टक्क्यांनी १३ लाखांच्या वर जातात. तिकडे बारा. हा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, एप्रिल २०२० पासून ७.१ च आहे, पुढे कमीही होऊ शकतो. सगळ्या वर्षांची सरासरी साडेसहाच्या खाली उतरली तर मित्राची पॉलिसी बरोबरीला येते.

आणि विमा? ६ लाख भागिले ३५ हजार, सतरा महिने. तुमच्या माघारी मुलांची सतरा महिन्यांची सोय, तीही दुकानाची उधारी कोणी वसूल केली असं धरून. एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा) तुमच्या वयात, तंबाखू नसेल तर, साधारण वर्षाला १५ ते २० हजारांत मिळतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. पैसे परत मिळत नाहीत म्हणून तो तुम्हाला कोणी सुचवला नसणार. टर्मचे पैसे त्याच ६० हजारांतून गेले तर पीपीएफला ४२ हजार उरतात आणि शेवटी १२ लाखांऐवजी नऊ-सव्वानऊ लाख दिसतात. मी तरीही हाच व्यवहार करेन.

क्रम मात्र चुकवू नका. वार्षिक हप्ता तारखेनंतर ३० दिवसांपर्यंत भरता येतो. त्या मुदतीत आधी टर्म घ्या, तंबाखू-बिडी जी असेल ती अर्जात खरी लिहा. टर्म हातात पडल्यावरच जुनी मोडा. मोडताना मित्राला विचारू नका, लातूरच्या शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा: आज मोडली तर किती आणि हप्ते थांबवून नुसती ठेवली तर वीस वर्षांनी किती.

३६ हजार आले की थेट गंठणावर. मुद्दल आणि व्याज मिळून ६७,२०० देणं आहे, ३१,२०० उरतात. तेवढ्यापुरतंच नूतनीकरण करा, एक रुपया वाढवू नका. जूनमध्ये पेरणी आली की तुमचा सगळा पैसा बियाणं-खतात अडकतो, तेव्हा मेपर्यंत महिन्याला सहा हजार टाकून जेवढं फिटेल तेवढं फेडा, उरलेलं सोयाबीनची वसुली आल्यावर.

मित्राला शनिवारी काही बोलू नका, डाव बिघडेल. रविवारी सकाळी दुकानात बोलवा.