लिपिडला ‘चरबी’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: रक्ततपासणीच्या यादीत ‘लिपिड प्रोफाईल’ असतं, त्याला मराठीत ‘चरबीची तपासणी’ म्हटलं तर चालेल का? नाहीतर मेद, वसा, स्निग्ध पदार्थ यांतला कुठला शब्द घ्यावा?

माझं उत्तर: इथे लिपिडच राहू द्या. आणि काहीही करा, पण ‘चरबी’ नको.

त्या रिपोर्टात काय काय असतं ते बघा. एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल, एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड. यातलं चरबी म्हणण्याजोगं काय, तर एकटं ट्रायग्लिसराइड. ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडल्या की ते तयार होतं. कढईतलं गोडंतेल, वरणावरचं तूप आणि सुटलेलं पोट, तिन्हीकडे मुख्य माल हाच. कोलेस्टेरॉलची घडण अगदी निराळी. त्यात कार्बनची चार कडी एकमेकांना चिकटून असतात आणि मेदाम्लाची साखळी मुळात नसतेच. शरीर ते जाळून ऊर्जा मिळवत नाही. पित्ताम्लं आणि टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं त्यापासून बनतात, आणि त्याच्या आदल्याच पायरीवरच्या रेणूपासून उन्हात कातडीमध्ये ड जीवनसत्त्व तयार होतं. एचडीएल-एलडीएल हे तर एकेक रेणूही नव्हेत. ते प्रथिनं आणि लिपिडं मिळून झालेले बारीक गोळे. पाण्यात न मिसळणारं सामान रक्तातून इकडून तिकडे नेणं हे त्यांचं काम.

आता एखाद्या काटकुळ्या माणसाला सांगा, की तुमच्या रक्तात चरबी वाढली आहे. तो स्वतःच्या पोटाकडे बघून हसेल आणि पथ्य गुंडाळून ठेवेल. एलडीएल वाढायला माणूस जाडच असावा लागत नाही. शिवाय ‘चरबी’ हा फारसीतून आलेला शब्द मराठीत नुसता पदार्थ म्हणून राहिलेला नाही. ‘फार चरबी चढली आहे त्याला’ हे वाक्य काही कुठला डॉक्टर म्हणत नाही.

‘लिपिड’ शब्दाचं वय फार नाही. गॅब्रिएल बर्त्राँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये तो सुचवला, ‘लिपोस’ या चरबीवाचक ग्रीक शब्दावरून. म्हणजे मूळ अर्थ चरबीच, मग आपणच का अडून बसायचं, असं कोणी म्हणेल. पण शास्त्रात त्याची व्याप्ती केव्हाच वाढली. प्रथिनं ओळखायची ती रचनेवरून: अमिनो आम्लांची साखळी दिसली की प्रथिन. लिपिडांना असा एक साचा नाही. जे पाण्यात विरघळत नाही पण ईथर किंवा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं, ते लिपिड, अशी ही स्वभावावरून पाडलेली जात आहे. त्यामुळे मधमाशीचं मेण, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं, कोलेस्टेरॉल आणि करडईचं तेल अशी सगळी मंडळी एकाच पंगतीला बसतात.

पेशीपटल याच वर्गातल्या फॉस्फोलिपिडांवर उभं असतं. त्यांच्या रेणूला पाण्याशी जमवून घेणारं एक डोकं आणि पाण्याला टाळणाऱ्या दोन शेपट्या. पाण्यात सोडले की हे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून दुहेरी थर मांडतात. नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी १९२५ मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींतलं लिपिड काढून पाण्यावर एकेरी थरात पसरलं. त्या थराचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरलं, म्हणजे पेशीवर थर दुहेरी असणार. गंमत म्हणजे लिपिड पूर्ण निघालं नव्हतं आणि पेशींचा पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि उत्तर बरोबर आलं! या पटलाला ‘मेदाचं आवरण’ म्हटलं, तर वाचणाऱ्याला पेशीवर लोण्याचा लेप दिसणार.

मेद, वसा हे शब्द आयुर्वेदातही सरमिसळ करून वापरलेले नाहीत. मेद हा सात धातूंपैकी एक, वसा म्हणजे मांसातला स्नेह. चरकसंहितेत तूप, तेल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह येतात. म्हणजे वर्गाचं नाव ‘स्नेह’, आणि तेही स्वभावावरून पाडलेलं. लिपिडला तोच शब्द सगळ्यांत शोभला असता, पण आता ‘स्नेह चाचणी’ म्हटलं तर लोक स्नेहसंमेलनाची वर्गणी काढतील. ‘वसा’ हिंदीत फॅटसाठी सर्रास चालतो आणि भाषांतरित जाहिरातींच्या वाटेने आपल्याकडे शिरू पाहतो. तो मात्र सरळ परत पाठवावा. ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ ऐकत वाढलेल्या माणसाने ‘वसामुक्त दूध’ कसं प्यायचं?

आहाराबद्दल लिहिताना ‘स्निग्ध पदार्थ’ उत्तम. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला साधारण ४ किलोकॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ ९, हे वाक्य कुठेही अडखळत नाही. ‘मेदाम्ल’ही आता रुळला आहे, आणि त्याच्यासोबत संपृक्त-असंपृक्त ही जोडी. संपृक्त म्हणजे साखळीतल्या कार्बनांनी जमेल तेवढा हायड्रोजन घेतलेला. स्टिअरिक आणि ओलेइक या दोन्ही मेदाम्लांत कार्बन १८च, पण ओलेइकमध्ये एक दुहेरी बंध असतो, साखळी तिथे वाकते आणि रेणू एकमेकांना नीट खेटत नाहीत. एवढ्यानेच स्टिअरिक वितळायला ६९ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं आणि ओलेइक १३-१४ अंशांनाच पातळ होतं. ‘संपृक्त म्हणजे घट्ट’ असं मात्र पाठ करू नये. खोबरेल तेलातली जवळजवळ ९० टक्के मेदाम्लं संपृक्त, तरी त्यातल्या बऱ्याच साखळ्या आखूड असल्यामुळे ते २४ अंशांच्या वर पातळ राहतं. डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते ती त्यामुळेच.

राहिलं दूध. बातम्यांत ‘३.५ स्निग्धांश’ असं छापतात; शब्द नेटका आहे, जरूर वापरावा. डेअरीवर कॅन घेऊन उभा असलेला शेतकरी मात्र ‘आज फॅट किती लागली?’ असंच विचारतो. त्याला सुधारायला कोणी जाऊ नये.