व्हल्नरेबिलिटी पॉलिसीत अलर्ट कुठे ठेवावा आणि ब्लॉक कुठे?

तुम्ही लिहिलंय की ट्रिव्हीच्या (कंटेनर इमेजमधले सुरक्षेचे दोष शोधणारं टूल) स्कॅनमध्ये मीडियम किंवा त्यावरच्या गंभीरतेचं (हाय, क्रिटिकल) काहीही सापडलं की बिल्ड फेल करता, आणि आता डेव्हलपर स्कॅनची पायरीच कॉमेंट करून ठेवतात. मीही इंदूरचाच, सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत हेच काम बघतो. मीडियमवरचा ब्लॉक आजच काढा. ज्याचा बिल्ड अडला त्याच्या हातात उपाय असेल, तरच अडवण्यात अर्थ आहे.

डेबियन १२ या लिनक्सवरची इमेज स्कॅन करा. झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीवर सीव्हीई-२०२३-४५८५३ दिसेल (सीव्हीई म्हणजे जाहीर दोषाचा क्रमांक), गंभीरतेचा स्कोअर दहापैकी ९.८, क्रिटिकल. पण दोष झेडलिबच्या सोर्ससोबत येणाऱ्या मिनिझिप या जोड-कोडमध्ये आहे, आणि डेबियन १२ मध्ये झेडलिबच्या पॅकेजांत मिनिझिप बांधलेलंच नाही. म्हणून स्टेटस 'विल नॉट फिक्स', म्हणजे दुरुस्ती येणार नाही. यावर बिचाऱ्या डेव्हलपरनं करायचं काय? उलट एचटीटीपी/२ या वेब प्रोटोकॉलमधला रॅपिड रीसेट नावाचा दोष, सीव्हीई-२०२३-४४४८७, स्कोअर ७.५, म्हणजे नुसता हाय. पण तो वापरून खरेखुरे हल्ले झाले, ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं तो केईव्ही यादीत (हल्ल्यात प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या दोषांची यादी) घेतला, आणि दुरुस्त व्हर्जनंही आली. फक्त क्रिटिकलवर ब्लॉक ठेवलात तर हा सरळ आत येतो.

म्हणून ट्रिव्ही दोनदा चालवा. एकदा हाय आणि क्रिटिकलसाठी, एक्झिट कोड ० (बिल्ड चालूच राहतो): हा तुमचा अलर्ट. दुसऱ्यांदा फक्त क्रिटिकल, इग्नोर-अनफिक्स्ड (फिक्स न आलेले दोष वगळणारा पर्याय) लावून, एक्झिट कोड १ (बिल्ड फेल होतो): हा ब्लॉक. केईव्ही यादी जेसन या डेटा फॉरमॅटमध्ये फुकट मिळते. ट्रिव्हीचा जेसन रिपोर्ट तिच्याशी ताडणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि जुळलेला दोष, त्यावर फिक्स आला असेल तर, स्कोअर न बघता अडवा. एवढी मेहनत घ्याच, सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे.

अलर्ट सगळ्यांच्या ग्रुपवर सोडू नका, कोणी वाचत नाही. ज्या टीमची इमेज, तिच्याच नावानं तिकीट निघू द्या.

अपवाद द्यावे लागतीलच. ट्रिव्हीच्या इग्नोर फाइलमध्ये सीव्हीईपुढे मुदतीची तारीख लिहिता येते. ती उलटली की तो दोष रिपोर्टात परत दिसू लागतो. बिनमुदतीचा अपवाद कुणालाही देऊ नका, मॅनेजरनं मागितला तरी.