राज्य मार्गाचा क्रमांक गेला, मग जुना तुकडा कुणाचा?

तुम्ही विचारलंय की, मिरज–पंढरपूर रस्ता रुंद होताना जुन्या राज्य मार्गाचं एक वळण बाजूला पडलं. त्याचा इतिहास कुठे मिळेल आणि आता तो कुणाच्या ताब्यात?

आधी जागेवर जा. किलोमीटरचा दगड उरला असेल तर माथ्याचा रंग बघा: राज्य मार्गाला हिरवा, राष्ट्रीयला पिवळा. पोपडे सुटले असतील तर नखानं खरवडा. पिवळ्याखाली हिरवा निघाला की दर्जोन्नती झाल्याचा पुरावा हाताशी आला. मोरी दगडी कमानीची असेल तर काम बहुधा जुनं, सिमेंट पाइपाची असेल तर नंतरचं. कठड्यावर कोरलेलं साल मात्र त्या बांधकामाचंच धरा. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा, म्हणून पलीकडे जाणारी वाट १९२९ ची ठरत नाही.

मग सर्वेक्षण खात्याचे नकाशे. मिरज शहर ४७ एल/९ या क्रमांकाच्या नकाशात येतं, पूर्वेला पुढे ४७ एल/१३. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवली की वळण कधी तुटलं ते दिसतं. पण प्रत्येक वळणामागे जमिनीचा चढउतारच असतो असं नाही; याच रस्त्यावरच्या भोसे गावाजवळचं वळण बघून तो शोधत बसू नका. तिथे २०२० साली जुन्या वडासाठी आखणी सरकवली होती.

कागद शोधताना लोक हमखास एका ठिकाणी फसतात. १९४९ ते १९६० या काळात जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं, त्यामुळे ‘सांगली जिल्हा’ म्हणून शोधलं तर हाती काही लागत नाही. १९४८ पूर्वी मिरज आणि सांगली ही संस्थानं, तासगाव मात्र ब्रिटिश सातारा जिल्ह्यात. रस्ते विकास योजनाही १९६१–८१, १९८१–२००१, २००१–२१ अशा वेगवेगळ्या; रस्त्याचा क्रमांक टिपताना तो कोणत्या योजनेतला, हेही लिहा.

आता ताबा. क्रमांक नव्या आखणीवर जातो, जुनी जमीन आपोआप शेजारच्या शेतकऱ्याची होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ता शासनाचा. हस्तांतरणाचा आदेश निघून तो ग्रामीण मार्ग झाला असेल तर देखभाल जिल्हा परिषदेकडे. घोळ बहुतेक वेळा सातबाऱ्यावर असतो: भूसंपादन झालं, पण फेरफार (मालकी बदलाची नोंद) धरलाच नाही, मूळ मालकाचं नाव तसंच राहिलं, आणि रस्त्यात नांगर फिरला.

माहिती अधिकाराच्या अर्जात ‘इतिहास द्यावा’ असं लिहू नका, तो नोंदीत नसतो. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे रस्ता नोंदवहीचा साखळी क्रमांकासह (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरासह) उतारा आणि हस्तांतरण आदेशाची प्रत, एवढंच मागा.