पणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला' गेले होते, त्यांची लष्करी नोंद कशी शोधायची?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की पणजोबा चंदगड तालुक्यातल्या गावातून पलटणीत गेले, 'बसऱ्याला', म्हणजे आजच्या इराकमधल्या बसरा शहराच्या बाजूला लढले, जिवंत परत आले, आणि आता घरात त्यांचं नाव आणि गाव सोडून कुणाला काहीच सांगता येत नाही. मी कोल्हापुरात राहतो, मूळ गाव पन्हाळा तालुक्यात. आमच्या आजोबांचे थोरले भाऊ त्याच लढाईत गेले, ते परत आलेच नाहीत. त्यांचा माग काढायला मला चार वर्षं लागली. त्यातली तीन मी नाव शोधण्यात घालवली. म्हणून आधी हेच सांगतो: नाव बाजूला ठेवा. शोधायचा आहे तो शिपाई नंबर आणि पलटण.

याचं कारण सोपं आहे. एकाच नावाचे शिपाई त्या काळच्या फौजेत शेकड्यांनी होते. भरतीच्या कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते इंग्रजीत लिहिलं. मारुतीचा मारोती झाला, महादेवचा महादू झाला, आडनाव कधी लिहिलं, कधी वडिलांच्या नावावरच भागवलं. आमच्या या थोरल्या आजोबांच्या नावाची मी इंग्रजीत अकरा स्पेलिंगं करून पाहिली, खरं निघालं ते बारावंच. नंबर मात्र असा बदलत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, त्या काळी नंबर पलटणीपुरता असायचा. तोच नंबर दुसऱ्या पलटणीतल्या दुसऱ्या माणसाचाही असू शकतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

हा नंबर मला कुठल्याही संकेतस्थळावर मिळाला नाही. तो मिळाला आत्तीच्या देव्हाऱ्यात. आज्जी सांगायची, "त्यो बसऱ्याला ग्येला, तिकडनं नुसती पदकं आली." त्यातलं चांदीचं पदक 72 च्या दुष्काळात मोडलं. एक पदक चांदीचं नव्हतं म्हणून वाचलं. त्यावर पंख पसरलेली बाई आहे. आत्ती लग्न होऊन जाताना ते घेऊन गेली आणि देवी समजून इतकी वर्षं टाकांबरोबर पुजत आली. ते होतं पहिल्या महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल. त्याच्या कडेवर, नाण्याची जाडी असते त्या जागी, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगातून ती ओळ वाचली तेव्हा आत्ती आणि मी दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

म्हणून पहिलं काम भावकीत फिरणं. मुलीकडच्या घरांनाही विचारा, कारण अशा वस्तू आत्त्यांबरोबर, मावश्यांबरोबर दुसऱ्या गावाला गेलेल्या असतात. ट्रंकेत डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, पलटणीतला फोटो असं काहीही निघू शकतं. पदक मिळालं तर चिंच-मीठ लावून घासू नका, कडेवरची अक्षरं आधीच झिजलेली असतात. घरात कुणी दुसऱ्या महायुद्धातही गेलं असेल तर भारतीय शिपायांच्या त्या पदकांवरही नंबर आणि नाव असतं, ताऱ्याच्या आकाराच्या पदकांवर ते पाठीमागे बघा.

वस्तू नसेल तर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडातले शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. "एकशे तीन", "एकशे दहा" असे आकडे कुणाच्या बोलण्यात आले तर ते बहुधा पलटणीचेच आहेत. 1922 मध्ये फौजेची फेररचना झाली आणि 103, 105, 110, 116 आणि 117 या मराठा पलटणी 5 वी मराठा या रेजिमेंटच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या पलटणी झाल्या, 114 वी प्रशिक्षणाची पलटण झाली. 'जंगी पलटण' म्हणजे जुनी 103, 'काळी पाचवी' म्हणजे जुनी 105. असा एखादा शब्द आठवला की अर्धं काम झालं. मात्र सगळे मराठा पलटणीतच होते असं धरून चालू नका. आपल्या भागातले लोक रस्ते-पूल बांधणाऱ्या सॅपर्समध्ये आणि पायोनियर पलटणींत, खेचरांच्या वाहतुकीत, जखमींच्या डोल्या वाहायलाही गेले. महारांची भरती इंग्रजांनी 1890 च्या दशकात बंद केली होती. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी केली आणि 1921 मध्ये मोडून टाकली.

आता गाव. हे तुमच्यासाठी खास महत्त्वाचं. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. जुन्या यादीत 'कोल्हापूर' टाकून शोधलंत तर तुमचं गाव येणारच नाही, 'बेळगाव' टाकून बघा. आमचं गाव संस्थानातलं, त्यामुळे तिथे कोल्हापूर हाच शब्द लागला. कोल्हापूर संस्थानची स्वतःची फौजही होती. तिची राजाराम रायफल्स ही पलटण विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फन्ट्रीची 19 वी पलटण झाली. संस्थानच्या चाकरीतल्या माणसाचा माग कोल्हापूर पुराभिलेखागारातल्या दप्तरात काढावा लागतो आणि तिथे मोडी वाचणारा सोबत लागतो. ब्रिटिश मुलखातून भरती झालेल्या तुमच्या पणजोबांसाठी तो रस्ता नाही.

युद्धात मेलेल्यांची नोंद शोधणं सगळ्यांत सोपं, हे लिहितानाही जीव जड होतो. युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं राखणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या यादीत 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळातले मृत आहेत, दुसऱ्या महायुद्धाचे 1947 अखेरपर्यंतचे आहेत. शोध फुकट आहे. नावाची जागा रिकामी ठेवून पलटण भरा आणि जादा माहितीच्या रकान्यात जिल्हा टाका. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका असतो. आमच्या नोंदीत 110 वी पलटण आहे, वडिलांचं नाव आमच्या पणजोबांचं आहे आणि तारीख आहे नोव्हेंबर 1915 मधली. ती टेसिफॉनची लढाई, तिथले लोक त्या जागेला सलमान पाक म्हणतात. बगदाद घ्यायला निघालेली सहावी पुणे डिव्हिजन तिथे अडली आणि चार हजारांहून जास्त माणसं कामी आली किंवा जखमी झाली. उरलेले मागे हटून कूट या गावी आले आणि 7 डिसेंबर 1915 पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकले. 29 एप्रिल 1916 ला उपाशीपोटी शरण गेले. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या. पणजोबा त्यांपैकी एकीत असतील तर ते कैदेतही असू शकतील. "आजोबा कधी त्या दिवसांबद्दल बोलले नाहीत" असं घरात कुणी म्हणत असेल तर ही शक्यता डोक्यात ठेवा.

आमच्या थोरल्या आजोबांचं स्मारक बसऱ्याचं. त्या स्मारकावर चाळीस हजारांवर मृतांची आठवण आहे, पण दगडावर नावं कोरली ती गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची. हिंदी शिपायांचा पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आहे. नावं राहिली नोंदवहीत. 2021 मध्ये कमिशनने स्वतःच्या अहवालात मान्य केलं की हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांसह 45 ते 54 हजार मृतांची आठवण गोऱ्यांच्या बरोबरीने राखली गेली नाही, आणि माफी मागितली. मला तो आकड्यातला माणूस नावाने परत हवा होता, म्हणून मी ती नोंद छापून आत्तीच्या देव्हाऱ्याशेजारी लावली.

तुमचे पणजोबा परत आले, म्हणून तुमचं काम अवघड. पंजाबातल्या भरतीच्या गाववार नोंदवह्या सापडून आता सगळ्यांना बघायला खुल्या झाल्या आहेत, तीन लाखांवर नावांच्या. तशी यादी आपल्या भागाची नाही. शिपायाची खरी कुंडली म्हणजे शीट रोल, तो रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं हे ऑफिस बेळगावात, म्हणजे तुमच्या चंदगडहून जवळच. नंबर, पलटण, गाव आणि तुमचं नातं लिहून रीतसर अर्ज करा. जुने शीट रोल मुदतीनंतर नष्ट करतात, त्यामुळे अर्जात "लाँग रोलमध्ये, म्हणजे शिपायांच्या कायमच्या नोंदवहीत, नोंद आहे का" हेही विचारा. नंबर नसताना अर्ज करू नका, फुकट जाईल.

पलटण समजली की लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या वॉर डायऱ्या बघा. पलटण रोज कुठे होती, किती माणसं पडली, पाणी मिळालं की नाही, असं सगळं त्यांत असतं. शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण पणजोबा त्या तारखेला कुठल्या नदीकाठी होते हे कळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावरही शोधा.

गावात दोन गोष्टी बघा. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, त्यांच्या मृत्यूची तारीख आणि वय मिळेल, त्यावरून भरतीचं साल धरता येतं. आणि चावडीत, शाळेत किंवा देवळात संगमरवरी पाटी आहे का पाहा. इंग्रज सरकारने पहिल्या युद्धानंतर कितीतरी गावांत अशा पाट्या लावल्या. त्यांवर गावातून किती माणसं गेली आणि किती परत आली नाहीत एवढाच आकडा असतो. आकडा मिळाला की परत न आलेल्यांना कमिशनच्या यादीत गावाच्या नावाने शोधा. एका गावची पोरं बऱ्याचदा एकत्र भरती व्हायची. पणजोबांच्या शेजाऱ्याची पलटण मिळाली तर तीच त्यांची असण्याचा संभव मोठा.