घड फुटले आणि मनही

‘माझं वय ४३. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. मण्यांची विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, सगळं मी बायकांबरोबर उभं राहून केलं. सौदा ठरला होता, तोडणी चार दिवसांवर होती आणि अवकाळी आला. मण्यांना तडे गेले. व्यापारी बांधावरूनच परत फिरला. जाऊबाईंचा माल आठवडाभर आधी गेला होता. त्यांनी पेढे आणले, ते माझ्या घशाखाली उतरेनात. रोज हरिपाठ म्हणते, तरी मन थाऱ्यावर नाही. हे रात्री झोपत नाहीत, बाग काढून टाकू म्हणतात. माझी भक्तीच कच्ची आहे का?’

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मला फार लागलं. माल गेला तो गेलाच, वर भक्तीत नापास झाल्याचं ओझंही तुम्ही डोक्यावर घेतलंत. ते आधी खाली ठेवा. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेले तुकोबा विठ्ठलाशी भांडले. जनाबाईनं तर त्याला शिव्या घातल्या. त्यांची भक्ती कच्ची होती असं कुणी म्हणेल का? हरिपाठ म्हणताना रडू आलं तर येऊ द्या, मध्येच थांबावं लागलं तर थांबा.

माझं सांगते. सांगलीतल्या आमच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागलं तेव्हा आईची लोणच्या-मसाल्यांची वही पत्र्याच्या पेटीत घातली, पेटी त्या खुणेच्या हातभर वर फळीवर ठेवली आणि निर्धास्तपणे बाहेर पडले. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, २००५ पेक्षा तीनेक फूट जास्त. परत आले तेव्हा वहीचा लगदा झाला होता. एका पानावर आईच्या अक्षरातला ‘मेथ्या’ एवढा एकच शब्द शिल्लक होता. पेटी सोबत का नेली नाही, म्हणून कित्येक महिने मी स्वतःला कोसत राहिले. मग एकदा धाकटी बहीण म्हणाली, ‘अगं, खुणेच्या वर ठेवली होतीस ना? आणखी काय करणार होतीस?’ वहीचं दुःख आजही आहे. पण त्या दिवसापासून त्यातला अपराध गेला, आणि नुसतं दुःख मला सोसवू लागलं.

तुम्हीही पेटी खुणेच्या वरच ठेवली होती, ताई. पिकलेल्या मण्यात साखर भरलेली, साल ताणलेली. त्यावर पाऊस पडला की मणी पाणी ओढतो आणि फुटतो. यात तुमची विरळणी कुठे चुकली? एका संध्याकाळी वही घ्या. एका पानावर तुमच्या हातांनी काय केलं ते लिहा, समोरच्या पानावर पावसानं काय केलं ते. मनात नुसतं घोळवू नका, खरंच लिहा.

बाग काढायची की ठेवायची हे आत्ता ठरवू नका. तलाठी, कृषी सहायक यांच्या मागे लागून पंचनामा करून घ्या. उरलेल्या मालाचा बेदाणा होतो का पाहा. मग हंगामानंतरच्या खरड छाटणीच्या आधी कर्ज आणि खर्च कागदावर मांडून दोघं बसा. कदाचित बाग काढणंच बरोबर ठरेल, पण रागाच्या भरात कुऱ्हाड उचलू नका.

यजमानांच्या झोपेची मात्र मला काळजी वाटते. रात्री उपदेश नको, ‘झोप लागत नाही का?’ एवढंच विचारा आणि ते बोलतील ते ऐका. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही तोंडून निघालं तर त्यांना एकटं सोडू नका. फवारणीची औषधं आजच कुलपात टाका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. फोन तुम्हीही करू शकता, तुमच्या स्वतःसाठीसुद्धा.

राहिले पेढे. तुमचं रान भिजलेलं असताना दुसऱ्याच्या घरचा पेढा गोड लागला नाही, यात वाईटपणा कसला? जाऊबाईंना हे सांगायची गरज नाही. पण त्यांच्याकडे जाणं टाळू नका. चहाला जा. बागेचा विषय निघालाच तर ‘आमचं गेलं, फार वाईट वाटतंय’ एवढं म्हणा आणि थोडं गप्प बसा. पेढे घेऊन तुमच्या दारात येताना त्यांनाही अवघडल्यासारखं झालं असेल.