पंधरा जूनच्या आधी

प्रिय बाळ,

सप्रेम आशीर्वाद.

यंदा गरीब मुलांना शाळेचं साहित्य देण्याचं काम तुझ्याकडे सोपवलंय हे फादरांकडून कळलं. फार बरं वाटलं. एवढ्या लहान वयात हे आपल्याला जमेल का, असं तू घरी विचारत होतीस म्हणे. अगं, गरिबांना मदत करणारी ही आपली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी पॅरिसमध्ये २३ एप्रिल १८३३ रोजी सुरू झाली. त्या दिवशी ती सुरू करणाऱ्या फ्रेडरिक ओझानामला बरोबर विसावं वर्ष पूर्ण झालं होतं. कायद्याचा विद्यार्थी होता तो. तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल पुष्कळ, पण आज काय करता, असं वादात कुणीतरी त्याला टोकलं आणि ते त्याच्या मनाला लागलं. मग त्याने आणि त्याच्या मित्रांनी गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. कुणाकडे जायचं आणि तिथे कसं वागायचं, हे त्यांना सिस्टर रोझाली नावाच्या सेवाभावी धर्मभगिनीने शिकवलं. तेव्हा वयाची काळजी सोड. घरी कसं जायचं तेवढं शीक.

कारण सगळं काम तिथेच आहे. शाळेने दिलेल्या यादीवरून दप्तरं वाटणं सोपं, पण यादीत पायाचं माप नसतं. नेहमी दोघांनी मिळून जा, घरात बसा, दिलेलं पाणी प्या. 'तुम्हाला काय हवं?' असं कधी विचारू नकोस. आई 'काही नको' म्हणते आणि विषय तिथेच संपतो. कितवीत गेली, मागचे बूट पायात जातात का, पावसात शाळेत कशी जाते, असं विचार. मुलगी आठवीच्या पुढे असेल तर तिच्याशी तू एकटीने बोल. आतले कपडे, पॅड या गोष्टी कुणी मागत नाही, आणि त्या नाहीत म्हणून महिन्यातले चार दिवस शाळा बुडते. माझ्या मते त्या वह्यांइतक्याच शालेय साहित्यात मोडतात.

पैसे थोडे असतात, म्हणून सरकार काय देतं ते आधी नीट समजून घे. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेश मोफत आहे. २०२३ पासून तो सगळ्याच मुलांना मिळतो, सोबत बूट-मोजेही. पाठ्यपुस्तकं अनुदानित शाळांतही आठवीपर्यंत मोफत. पण मिळणं आणि वेळेवर मिळणं यात अंतर पडतं. २०२४ मध्ये सगळ्या राज्याला एकच गणवेश शिवून द्यायचं ठरलं, तेव्हा सत्र सुरू होऊन कितीतरी दिवस झाले तरी अनेक शाळांत कपडे पोचले नव्हते. शेवटी गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. म्हणून मुख्याध्यापकांना आधी भेट, काय येणार आणि कधी येणार ते विचार, मग खरेदी कर. आपला जास्तीत जास्त पैसा नववी-दहावीवर खर्च व्हावा असं मला मनापासून वाटतं. शिक्षण हक्क कायद्याची हमी चौदा वर्षांपर्यंतच आहे. नववीत पुस्तकं विकत, गणवेश विकत, गाईड विकत, आणि नेमकी तेव्हाच पोरं कामाला लागतात. पहिलीच्या बाळांना द्यायला सगळ्यांना आवडतं, नववीच्या उंच मुलाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पारोळ, भाताण्याकडच्या वीटभट्ट्यांवर जाशील तेव्हा गणवेश नेऊ नकोस. जव्हार-मोखाड्याहून आलेली ती माणसं पावसाच्या तोंडावर गावी परततात आणि मुलांची शाळा तिकडे असते. आपल्या इथल्या रंगाची पँट तिथे काय कामाची? वह्या, दप्तर, रेनकोट दे, आणि गावच्या गुरुजींचा फोन नंबर मागून घे. मूल परत वर्गात बसलं का, हे त्यांच्याकडूनच कळेल.

वह्या मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक मिळतात. दुरेघी, चौरेघी, चौकटीची कुणाला किती, हे इयत्तेप्रमाणे लिहून ने. शिवणाऱ्या बाईंकडे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच जा. कपड्याला खाली चांगली रुंद दुमड ठेवायला सांग, म्हणजे पुढल्या वर्षी उसवून लांबी वाढवता येते. वापरलेले कपडे लोक प्रेमाने आणून देतात, ते घे, पण चेन तुटलेली, कॉलर विरलेली एकही वस्तू पुढे जाऊ देऊ नकोस. दुरुस्त करता आली तर कर, नाहीतर बाजूला ठेव. देणाऱ्याला वाईट वाटेल, वाटू दे.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. वाटपाचा कार्यक्रम करायचा नाही. स्टेज, हार, पाहुणे, मुलांना रांगेत उभं करून काढलेले फोटो, यातलं काहीही नको. दात्याचं नाव छापलेलं दप्तर तर अजिबात नको. ते मूल वर्षभर पाठीवर आपली गरिबी मिरवत फिरतं. सगळा खटाटोप कशासाठी आहे? पंधरा जूनला ते पोर वर्गात शिरलं की इतरांपेक्षा वेगळं दिसू नये, एवढ्यासाठी. आपणच त्याच्यावर शिक्का मारला तर मग दिलं काय? सामान संध्याकाळी घरी पोचव आणि आईच्या हातात दे. मुलाला ते आईकडून मिळू दे.

दप्तरात संतांचं चित्र किंवा प्रार्थनेचं कार्डही ठेवू नकोस. कुणी ठेवायला दिलं तर माझं नाव सांग. आपण वारल्यांच्या पाड्यावर जातो, मुसलमानांच्या चाळीत जातो, आणि घेणाऱ्याने धर्म सांगावा अशी अट सोसायटीने कधीच घातलेली नाही. शंका घेणारे शंका घेतील. त्यासाठी नव्हे, त्या आईला आपल्या मदतीचं ओझं वाटू नये यासाठी.

दात्यांना हिशेब मात्र चोख दे. किती गणवेश, किती वह्या, शिलाई किती, सगळं सभेत वाच, पावत्या दाखव. मुलांची नावं कुणालाही सांगायची नाहीत, कितीही मोठा देणगीदार असला तरी. नावांची वही तुझ्याजवळ आणि अध्यक्षांजवळ, बस.

जूननंतर काम संपलं असं समजू नकोस. गणेशोत्सवाच्या सुमाराला एक फेरी मार, तोवर वह्या संपलेल्या असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरी. कोण शाळेत यायचं बंद झालं ते तेव्हा कळतं, आणि लगेच गेलं तर बहुतेक वेळा परत आणता येतं. त्यासाठी एकूण पैशातला चौथा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेव. मे महिन्यात सगळं खर्च करून टाकायचा मोह होईल, तो टाळ.

पहिल्या दोन-तीन घरी मी सोबत येते. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या मागच्या दाराशी थांब, मोजपट्टी आणि वही घेऊन ये.

तुझी,
मावशी